त्या दिवशी तो कुठे होता?

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. प्राचीन ग्रीसचे तीन इतिहासकार, त्यात हिरोडोटस फेकू, थ्युसिडिडीज पक्षपाती, झेनोफन स्पार्टाचा माणूस, मग वाचायचं कोणाला, त्यापेक्षा विषयच बदलतो, म्हणतोस. बदल की! पण तिघांवर शिक्के मारलेस म्हणजे ते वाचून झाले असं नको समजूस.

वर्गात शंभरदा सांगितलंय, लिहिणारा त्या दिवशी कुठे होता ते आधी बघ. इ.स.पू. 424 चा हिवाळा घे, अथेन्स आणि स्पार्टाचं युद्ध चालू आहे. स्पार्टाचा सेनापती ब्रासिडास अथेन्सच्या ताब्यातल्या अँफिपोलिसच्या दारात, शहरातून मदत मागितली जाते थ्युसिडिडीजकडे, हा अथेन्सचा सेनापती, तो सात जहाजं घेऊन थासोस बेटावर, अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. हा संध्याकाळी पोचतो तोवर शहर गेलेलं. आता लिहितो कसं बघ, स्वतःबद्दल 'तो' म्हणून लिहितो आणि लगेच सांगतो की जहाजं एवढ्या झटपट आली नसती तर पहाटेला नदीच्या मुखावरचं एऑन बंदरही गेलं असतं. आणि यापायी वीस वर्षं हद्दपारी भोगली त्याचं काय? तिथे, त्याच्या इतिहासाच्या चौथ्या भागात, चकार शब्द नाही. ते येतं पाचव्या भागात, जाता जाता, वर आणि हद्दपारीमुळे दोन्ही बाजू जवळून बघता आल्या म्हणतो.

म्हणून फेकून द्यायचा का रे? अथेन्सच्या प्लेगबद्दल लिहितो तेव्हा तो स्वतः त्यातून उठलेला माणूस आहे, तिथे कान देऊन ऐक. क्लिऑन, म्हणजे त्याला हद्दपार करणाऱ्या अथेन्सचा पुढारी, आला की मात्र सावध हो. माणूस तोच, पण कुठे उभा होता ते बदललं ना!

हिरोडोटसचंही तेच. ग्रीसवर चालून आलेल्या इराणच्या झर्क्सीस राजाची माणसं नोकरचाकर धरून 52 लाख 83 हजार 220, त्या शेवटच्या 220 ला मी अजून हसते. पण त्या स्वारीतल्या थर्मोपिलीच्या लढाईवेळी तो पोरगा होता, सगळं ऐकीव, आणि लोक सांगतात ते सांगणं माझं काम, सगळं मानणं नाही, हे तो स्वतःच लिहून ठेवतो. झेनोफन जास्त अवघड. इ.स.पू. 371 ला ल्युक्ट्राच्या लढाईत स्पार्टाचा धुव्वा उडाला, त्या वर्णनात जिंकणाऱ्या एपामिनोंडसचं, थीब्जच्या सेनापतीचं, नावच नाही. आणि हा स्पार्टाने दिलेल्या जमिनीवर संसार थाटलेला गृहस्थ. गाळलेलं नाव कसं पकडणार तू, तो कुठे होता हे बघितल्याशिवाय?

मला राग तुझा नाही येत, माझाच येतो. अकरा वर्षं मी क्लिऑन म्हणजे नुसता आरडाओरडा करणारा पुढारी असंच शिकवलं, थ्युसिडिडीजचा शब्द न् शब्द उचलून. एका मुलीने विचारलं, मॅडम, थ्युसिडिडीजचं क्लिऑनशी काही वाकडं होतं का, तर तिला गप्प बसवलं. आता आमच्या लायब्ररीत एकच प्रत, तिचा पाचवा भाग वाळवीने खाल्लेला (खरंच खाल्लेला होता), मी तरी काय करणार होते? आणि बाकीचं तरी मी नीटच शिकवलं ना.

हे मी शेवटी, जाता जाता सांगतेय, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. रविवारी ये. चौथा आणि पाचवा दोन्ही भाग आण, पेन्सिलही आण.