‘घटका भरली’ : भरते ते काय?

मुलांसाठी प्राचीन कालमापनावर लेख लिहिणाऱ्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, ‘घटिका म्हणजे २४ मिनिटे’ एवढा अर्थ देऊन भागेल का, आणि वेळ तर सरते, मग ‘घटका भरली’ असे का म्हणतात?

मिनिटांचा हिशेब मागाहून द्यावा, आधी भांडे दाखवावे, असे माझे मत आहे. ‘घट’ म्हणजे घडा आणि ‘घटिका’ म्हणजे लहानसा घडा. बुडाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्याने भरलेल्या घंगाळात तरंगत सोडली की छिद्रातून पाणी हळूहळू आत चढते, वाटी भरते आणि बुडते. ती बुडाली की एक घटिका झाली. असे पात्र अहोरात्रात ६० वेळा बुडते, असे ‘सूर्यसिद्धान्त’ या प्राचीन ज्योतिषग्रंथात सांगितले आहे, आणि २४ तासांचे ६० भाग केले की २४ मिनिटे येतात. पात्राचे नाव काळाच्या मापाला मिळाले, तेव्हा ‘भरणे’ हे क्रियापदही त्याच्यासोबत आले. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी आपल्याकडे हेच घटिकापात्र मांडत असत.

इजिप्तमध्ये कर्नाक येथे सापडलेले, इ. स. पू. १४ व्या शतकातील जलघड्याळ याच्या उलट रिकामे होत जाणारे आहे. पाण्याची पातळी उतरते तसा दाब कमी होऊन धार मंदावते, म्हणून पातळी सारख्याच वेगाने उतरावी यासाठी ते भांडे वर रुंद आणि खाली निमुळते घडवलेले आहे. घटिकापात्र दर वेळी रिकामे करून नव्याने सोडत असल्यामुळे प्रत्येक घटिका सारखीच भरते. ही युक्ती मुलांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. मात्र त्यासाठी पात्राजवळ सतत कोणीतरी बसावे लागे. हिंदुस्थानातील शहरांत हे काम करणारे ‘घड्याळी’ टांगलेल्या जाड पितळी थाळीवर टोल देत, असे बाबराने आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहे. त्या थाळीलाच घड्याळ म्हणत. आपला ‘तास’ही मुळात अशा वाजवायच्या थाळीचाच वाचक आहे.

लेखात मापाबद्दल लिहिताना ‘घटिका’ हे रूप ठेवावे. ‘घटकाभर बस’, ‘शेवटच्या घटका मोजणे’ अशा बोलण्यातल्या प्रयोगांत ‘घटका’च हवे, आणि तेथे २४ मिनिटांचा काटेकोर अर्थ लावू नये.