मनाच्या आजाराच्या गोळ्यांनी आईचा विसरभोळेपणा वाढू शकतो का?

हो, वाढू शकतो. आईला चालू असल्याचं तुम्ही लिहिलेल्या क्लोनाझेपाम (झोपेची, चिंतेची गोळी) आणि अमिट्रिप्टिलिन (नैराश्यावरची गोळी) या दोन्हींवर माझा पहिला संशय आहे.

इंदूरला रामबागेत माझी आत्या राहते. झोपेसाठी तिला कित्येक वर्षं क्लोनाझेपाम चालू होती. लहानपणचं सगळं लख्ख आठवायचं, पण काल संध्याकाळी कोण येऊन गेलं ते आठवत नसे. ही गोळी नवी आठवण मेंदूत रुजू देत नाही, जुन्या आठवणींना सहसा धक्का लावत नाही. अमिट्रिप्टिलिनचं वेगळं आहे. स्मरणासाठी लागणाऱ्या मेंदूतल्या रसायनाला, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलिनलाच ती अडवते. तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठ आणि गोंधळणं एकत्र दिसलं, तर खूण पटली म्हणा. पासष्टीनंतर हे जास्त जाणवतं.

सर्ट्रालिन, एस्सिटालोप्राम या नैराश्यावरच्या दुसऱ्या गोळ्यांचा असा त्रास कमी. मात्र म्हाताऱ्या माणसांत त्यांनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं, त्यानेही माणूस भ्रमिष्टासारखं वागतं. रक्त तपासून घ्या. आणि नैराश्य स्वतःच लक्ष आणि स्मरण खातं, हे विसरू नका.

कृपा करून क्लोनाझेपाम एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात. आत्याची मात्रा डॉक्टरांनी काही महिने हळूहळू उतरवली. आता ती भिशीचा हिशेब पुन्हा तोंडी सांगते. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, सर्दीच्या गोळ्यासुद्धा.