अलीकडे वाचलेल्या थरारक आणि प्रेमाच्या कादंबऱ्यांपैकी कोणत्या मनात राहिल्या?

तुम्ही लिहिलंय की रहस्यकथेचा शेवट कळला की पुस्तकातला रस संपतो आणि प्रेमकथेचा शेवट तर पहिल्या पानावरच कळतो, मग वाचायचं तरी काय. मी बेळगावला शहापुरात राहते आणि खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कूलमध्ये गणित शिकवते. जाता-येता बसमध्ये वाचन होतं. या वर्षी दोन्ही प्रकार भरपूर वाचले, त्यामुळे तुमच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देते. कुठलाही शेवट फोडणार नाही.

माझं मत आधी सांगून टाकते. शेवट माहीत असतानाही जी पुन्हा वाचावीशी वाटते तीच खरी रहस्यकथा, आणि अशा कादंबरीच्या तळाशी बहुतेक वेळा कुणीतरी कुणावर जीव टाकलेला असतो. आणि नीट लिहिलेल्या प्रेमकथेत जीव जसा टांगणीला लागतो, तसा खुनाच्या गोष्टीतही क्वचितच लागतो.

सगळ्यात जास्त धक्का दिला तो केइगो हिगाशिनो या जपानी लेखकाच्या ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ने. मूळ जपानी पुस्तक २००५चं, त्याला तिकडचा नाओकी पुरस्कार मिळाला. मी इंग्रजी अनुवाद वाचला, भाषा सोपी आहे. खून कुणी केला हे सुरुवातीलाच डोळ्यांसमोर घडतं. यासुको नावाची बाई डबे विकणाऱ्या दुकानात काम करते, मुलीला एकटीने वाढवते. तिचा पूर्वीचा नवरा पैशासाठी छळायला येतो आणि त्या झटापटीत मारला जातो. शेजारी राहणारा इशिगामी दार वाजवतो आणि म्हणतो, मी मदत करतो. हा इशिगामी शाळेत गणित शिकवतो आणि रोज तिच्याच दुकानातून डबा घेतो. पुढची सगळी कादंबरी म्हणजे तो पोलिसांपुढे काय मांडून ठेवतो याची गोष्ट.

गणित शिकवणारीला हे पुस्तक वेगळं लागतं. इशिगामीच्या वर्गात मुलांचं लक्ष नसतं, तरी तो फळ्यावर लिहीत राहतो, ती पानं वाचताना मला फार वाईट वाटलं. त्याचा कॉलेजातला मित्र युकावा आता पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक आहे, तो पोलिसांना मदत करतो. दोघांत एक प्रश्न फिरत राहतो: कुणालाही सुटणार नाही असं गणित रचणं अवघड, की ते सोडवणं अवघड? चार रंगांच्या प्रमेयाचाही उल्लेख येतो, म्हणजे कुठल्याही नकाशात शेजारशेजारच्या प्रदेशांना वेगळे रंग द्यायला चार रंग पुरतात. १९७६ मध्ये संगणकाच्या मदतीने त्याची सिद्धता झाली, पण इशिगामीला त्यात सौंदर्य दिसत नाही. आणि एके ठिकाणी तो सांगतो की परीक्षेत तो असं उदाहरण घालतो, जे भूमितीचं वाटतं पण असतं बीजगणिताचं. मी ते वाक्य वाचून पुढे गेले. पुस्तक संपल्यावर मागे येऊन पुन्हा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. लेखकाने काहीही लपवलेलं नव्हतं, सगळी माहिती दिलेली होती, फक्त आपण चुकीचं सूत्र लावून बसलेलो असतो. यावरून निघालेला हिंदी सिनेमा ‘जाने जान’ (२०२३) पाहिला असेल तरी पुस्तक वाचा. कागदावर इशिगामीचं एकटेपण जास्त खोल उतरलंय.

एक आक्षेप मात्र मनापासून आहे. पुष्कळ वाचक त्याच्या प्रेमाचं कौतुक करतात. माझ्या शाळेतल्या एक बाई तर म्हणाल्या, “असं प्रेम करणारा माणूस मिळाला तर काय हवं आणि!” मला ते पटलं नाही. त्या प्रेमाची किंमत कुणी चुकवली हे शेवटाकडे कळतं आणि तिथे माझी सहानुभूती थांबली. तो माणूस समजला, त्याच्यासाठी रडलेही, पण त्याला माफ करता आलं नाही.

‘रेबेका’ हे दुसरं पुस्तक, डाफ्ने द्यु मोरिएचं, १९३८ सालचं. ते प्रेमकथेच्या फळीवर ठेवायचं की थराराच्या, हे ग्रंथपालालाही सांगता येणार नाही. एक गरीब, बुजरी मुलगी श्रीमंत बिजवराशी लग्न करून त्याच्या मोठ्या वाड्यात येते. पहिली बायको रेबेका मेलेली आहे, तरी घर तिच्याच शिस्तीने चालतं आणि डॅन्व्हर्सबाई नावाची कारभारीण ती शिस्त मोडू देत नाही. गोष्ट सांगणाऱ्या या नव्या बायकोचं नाव पूर्ण पुस्तकात येत नाही. घरातला फोन वाजतो, पलीकडून मालकीणबाईंना विचारतात, आणि ही म्हणते, त्या वारल्या! स्वतःच मालकीण असल्याचं तिला सुचतच नाही. पुढे तिच्या हातून चिनी मातीची एक मूर्ती फुटते आणि ती तुकडे ड्रॉवरमध्ये लपवते, चोरासारखे, स्वतःच्याच घरात.

इंग्लंडातली गोष्ट, पण मला आमच्याच घरातली वाटली. माझ्या आजीची एक चुलत जाऊ बिजवराला दिलेली होती. तिच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर मेलेल्या सवतीचा टाक असायचा. नवं लुगडं आलं तर आधी त्या टाकाला दाखवायचं, मग नेसायचं. लहानपणी आम्हाला त्याची गंमत वाटायची. ‘रेबेका’ वाचल्यापासून त्या आजीचा चेहरा सारखा आठवतो. रोज आरशासमोर उभं राहिल्यावर तिला काय वाटत असेल, हे तेव्हा तिला कुणी विचारलं असेल का?

जे सोडून दिलं तेही सांगते, नावं घेत नाही. सध्याच्या काही थरारक कादंबऱ्यांत सांगणारी बाई दारू पिऊन किंवा आजारामुळे सगळं विसरलेली असते आणि लेखकाला हवं तेव्हाच तिला आठवतं. ही वाचकाची फसवणूक आहे. इशिगामीच्या गोष्टीत मी स्वतःहून फसले, इथे मला फसवलं. आणि मोबाइलवर भागाभागाने येणाऱ्या मराठी प्रेमकथा, ज्यात श्रीमंत, रागीट नायक बळजबरीने लग्न करतो, मनगट पिरगाळतो आणि ते प्रेम म्हणून खपतं. नववी-दहावीच्या मुली त्या मधल्या सुट्टीत वाचतात, हे बघून मला खरंच काळजी वाटते.

आता शुद्ध प्रेमकथा. जेन ऑस्टेनची ‘पर्स्युएशन’, तिच्या मृत्यूनंतर १८१७च्या अखेरीस आलेली. ॲन एलियट सत्तावीस वर्षांची आहे. आठ वर्षांपूर्वी नौदलातल्या वेंटवर्थशी तिचं ठरलं होतं, पण त्याच्याकडे पैसा नव्हता, म्हणून वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याने तिने नकार दिला. आता तो कॅप्टन झालाय, शत्रूची जहाजं पकडून श्रीमंत होऊन परतलाय आणि तिच्याच ओळखीच्या घरात मुली बघतोय. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. फौजेतली पोरं आणि त्यांची मोडलेली, जमलेली लग्नं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. ‘नोकरी पक्की नाही’ म्हणून परत पाठवलेला मुलगा काही वर्षांनी गाडी घेऊन गल्लीत येतो, तेव्हा त्या घरच्या मुलीला काय वाटतं हे या पुस्तकाइतकं नेमकं मी कुठे वाचलेलं नाही.

एक प्रसंग सांगते. ॲन आजारी भाच्याजवळ गुडघ्यांवर बसलेली असते, धाकटा भाचा तिच्या पाठीवर चढतो, मानेला मिठी मारून बसतो, सोडायलाच तयार नसतो. एकाएकी कुणीतरी त्याला अलगद उचलून घेतं. तो वेंटवर्थ असतो. दोघं काही बोलत नाहीत. तिला आभारही मानता येत नाहीत. एवढंच घडतं, आणि मी बसमध्ये श्वास रोखून बसले होते.

कन्नड येत असेल तर विवेक शानभाग यांची ‘घाचर घोचर’ (२०१३) जरूर वाचा. शाळेत शिकलेल्या कन्नडवर मी ती हळूहळू वाचली, नाहीतर श्रीनाथ पेरूर यांचा इंग्रजी अनुवाद आहे. बंगळूरचं एक मध्यमवर्गी कुटुंब मसाल्याच्या धंद्यात अचानक श्रीमंत होतं, इतकीच गोष्ट. पण धंदा चालवणाऱ्या काकासाठी एक अनोळखी बाई प्रेमाने मसूर डाळीची आमटी घेऊन दारात येते आणि घरातल्या बायका तिला ज्या शब्दांत हाकलतात, ते वाचून मला कुठल्याही खुनापेक्षा जास्त भीती वाटली. रक्ताचा थेंब न दाखवता थरार कसा उभा करतात, ते इथे बघावं.

तुम्ही सुरुवात कशाने करावी? शेवट कळला की रस जातो ही तुमची तक्रार आहे, म्हणून आधी ‘सस्पेक्ट एक्स’, दोन-तीन दिवसांत संपेल. मग ‘रेबेका’. बेळगावच्या आसपास असाल तर हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूरच्या साहित्य संमेलनांतले पुस्तकांचे स्टॉलही चाळा, मराठी प्रेमकथा मी तिथूनच घेते. ‘पर्स्युएशन’ शेवटी घ्या. तिची सुरुवातीची पानं संथ आहेत, नात्यागोत्यांत गोंधळायला होतं. निदान ही मंडळी लाइम गावी समुद्रावर पोचेपर्यंत पुस्तक खाली ठेवू नका. तिथल्या धक्क्याच्या पायऱ्यांवर जे घडतं, त्यानंतर ते तुम्हीच ठेवणार नाही.