गृहकर्ज आधी फेडायचं की नवी व्हीलचेअर घ्यायची?

ऐरोलीहून एका वाचकांचं पत्र आहे. वय ४२, मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर ११ वर्षं हाताने ढकलायची व्हीलचेअर, पगार ५२ हजार. ३ लाखांची एफडी पुढच्या महिन्यात सुटतेय. मेहुणे म्हणतात, सगळी गृहकर्जात भर, व्याज साडेआठ टक्के आहे. इकडे एमआरआयमध्ये उजव्या खांद्याचा रोटेटर कफ (खांदा धरून हलवणारे स्नायू आणि त्यांचे पट्टे) थोडा फाटलेला निघालाय, आणि हलकी ॲक्टिव्ह व्हीलचेअर व पुढे जोडायची मोटर यांचं कोटेशन १ लाख ३० हजारांचं आलंय. काय करू?

व्हीलचेअर घ्या.

मेहुण्यांचं गणित बरोबर आहे. खुर्चीचे १ लाख ३० हजार कर्जात भरले तर वर्षाला ११ हजारांच्या आसपास व्याज वाचतं. पण त्यात तुमचा खांदा धरलेला नाही. चालणारा माणूस हात गळ्यात बांधूनही कामावर जातो. तुम्हाला पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून कमोडवर जाताना दर वेळी अख्खं अंग हातांवर पेलावं लागतं. उद्या कफ शिवायची वेळ आली, तर साधारण दोन-तीन महिने त्या हातावर भार देता येत नाही. कंपनीची ग्रुप पॉलिसी ऑपरेशनचं बिल भरेल, घरी ठेवलेल्या अटेंडंटचे पैसे सहसा भरत नाही. तुम्ही चौकशी केलेल्या महिना २५ हजारांच्या दराने तीन महिन्यांचे ७५ हजार झाले. वर बिनपगारी रजा, आणि हप्ता काही थांबत नाही.

तुमची सध्याची खुर्ची दवाखान्यात असते तशी, घडीची. तिची मागची चाकं पुढे घेता येत नाहीत, म्हणून हात मागे नेऊन तोकडे झटके मारावे लागतात. दिवसभरात असे किती झटके होतात बघा. ॲक्टिव्ह खुर्चीत मागच्या चाकांचा आस पुढे सरकवता येतो. हात रिमच्या वरच्या टोकावर ठेवला की कोपराचा कोन १०० ते १२० अंश हवा. आस फार पुढे घेतला तर खुर्ची मागे कलंडते, म्हणून मापं घेतल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. हाजीअलीच्या अखिल भारतीय पुनर्वसन संस्थेत थेरपिस्टला दाखवा, खांद्याचे व्यायामही तिथेच विचारून घ्या.

ऑफिसपर्यंत रोज दीड किलोमीटर ढकलत जाता, त्यामुळे मोटरही चैन नाही. फक्त ती तुमच्याच खुर्चीला बसते ना, हे पक्कं करा. आयआयटी मद्रासमधून आलेली निओफ्लाय खुर्ची आणि निओबोल्ट मोटर अशी जोडीने येते, तिचंही कोटेशन मागवा.

मोटरने पलंगावरची चढउतार मात्र सोपी होत नाही. त्यासाठी सुताराला बोलावून पलंग सीटच्या उंचीला आणा, ट्रान्सफर बोर्ड, म्हणजे पलंगावरून खुर्चीत सरकायची फळी, घ्या. हे याच आठवड्यात होण्यासारखं आहे. आत्ताच्या खुर्चीच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर तीही आजच भरा, कमी हवेवर खुर्ची फार जड जाते.

दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेच्या उत्पन्नमर्यादेत तुमचा पगार बसत नाही. महापालिकेच्या ५ टक्के दिव्यांग निधीतून साधनासाठी काही मिळतं का, हे मात्र पैसे भरण्याआधी विचारा.

उरलेले १ लाख ७० हजार कर्जात घालू नका. दोन वेगळ्या एफडी करा, म्हणजे गरज पडली तर एकच मोडावी लागेल. खांदा वर्षभर शांत राहिला, तर त्यातली एक कर्जात भरायला माझी हरकत नाही. आणि एचआरला विचारा, दिव्यांग कर्मचाऱ्याचा प्रवासभत्ता तुमच्या पगारपत्रकात वेगळा दाखवलाय का? त्यावरची करसवलत नव्या करप्रणालीतही मिळते.