अवघड प्रश्न आले म्हणजे पेपर बिघडला का?

प्रश्न : माझ्या मुलीने अमेरिकेतील महाविद्यालयीन प्रवेशासाठीची एसएटी परीक्षा संगणकावर दिली. गणिताच्या दुसऱ्या भागात तिला वाशीच्या मैत्रिणीपेक्षा अवघड प्रश्न आले, त्यामुळे ती खचली आहे. ही पद्धत न्याय्य आहे का?
– एक पालक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : या परीक्षेत गणिताचे २२-२२ प्रश्नांचे दोन भाग असतात आणि पहिल्या भागातील कामगिरी पाहून दुसऱ्याची काठिण्यपातळी ठरते. आपल्या मुलीला अवघड भाग मिळाला, याचा अर्थ तिने पहिला भाग चांगला सोडवला होता. हे तिला आजच सांगावे.

येथे गुण केवळ बरोबर उत्तरे मोजून ठरत नाहीत. प्रत्येक प्रश्न किती अवघड आहे हे आधीच्या चाचण्यांतून निश्चित केलेले असते, म्हणून निरनिराळे प्रश्न सोडवणाऱ्या दोघींची क्षमता एकाच मापावर मोजता येते. डेन्मार्कचे गणितज्ञ गेऑर्ग राश यांच्या १९६० सालच्या ग्रंथाचा या विचाराच्या पायाभरणीत मोठा वाटा आहे. आपल्या परिचयाच्या जेईई मेनमध्ये मात्र प्रश्न उत्तरांनुसार बदलत नाहीत. तेथे निरनिराळ्या सत्रांची तुलना पर्सेंटाइलने होते.

पद्धत मला एकंदरीत न्याय्य वाटते, कारण कमी प्रश्नांत अचूक मापन होते. तरीही सुरुवातीलाच घाबरणाऱ्या मुलांना ती जड जाते, आणि शिकवणी वर्गांनी हे मुलांना आधीच समजावून सांगायला हवे. पहिला भाग शांतपणे सोडवावा, त्याच भागातील प्रश्नांकडे वेळ असेपर्यंत परत जाता येते, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नसल्याने एकही प्रश्न कोरा सोडू नये.