शिलाई मशीनच्या पुस्तिकेवरची ती उंच बिल्डिंग

प्रश्न : नमस्कार. आजीच्या पायमशीनच्या ड्रॉवरमध्ये सिंगरची एक जुनी इंग्रजी पुस्तिका सापडली, मागे एका उंच बिल्डिंगचं चित्र आहे, फुगीर डोकं आणि वर कळसासारखं काहीतरी, खाली न्यूयॉर्क लिहिलंय. नेटवर बघितलं तर ती पाडली म्हणे. आग वगैरे लागली होती का? आणि पुस्तिका कशी जपू?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, आग नाही, भूकंप नाही, काही नाही. चांगली धडधाकट बिल्डिंग होती, मालकांनी पाडली, आणि मला याचंच जास्त वाईट वाटतं.

ते सिंगर कंपनीचं हेड ऑफिस. १९०८ मध्ये पूर्ण झालं, उंची ६१२ फूट, तेव्हा जगातली सगळ्यात उंच इमारत. तो मान वर्षभरच टिकला, १९०९ ला मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीचा ७०० फुटी टॉवर आला. पण सिंगरची शान वेगळी होती, लॉबीत संगमरवरी खांब आणि त्यांच्यावर ब्राँझची पदकं, एकावर कंपनीची अक्षरं तर दुसऱ्यावर सुई, दोरा आणि बॉबिन! ज्या वस्तूंवर कंपनी मोठी झाली त्या दाराशीच मांडलेल्या. आणि पैसा तरी कुठून आला, तर घरोघरी हप्त्यावर विकलेल्या मशीनमधून, ही हप्त्याची पद्धत सिंगरने १८५० च्या दशकातच सुरू केली होती.

आता पाडली का, ते सांगते. आर्किटेक्ट होते अर्नेस्ट फ्लॅग. त्यांचं ठाम मत असं की उंच इमारती रस्त्यावरचा उजेड आणि हवा खातात, म्हणून प्लॉटच्या पाव भागावरच टॉवर चढवावा, बाकी भाग बुटका ठेवावा, आणि सिंगरचा टॉवर त्यांनी तसाच बांधला, बाजू फक्त ६५ फूट, म्हणजे एका मजल्यावर साधारण ४,२०० स्क्वेअर फूट. पुढे १९१६ मध्ये न्यूयॉर्कने जो बांधकामाचा कायदा केला त्यात हा पाव भागाचा नियम आलाच, म्हणजे अख्ख्या शहराला ज्या विचाराचा फायदा झाला तोच या इमारतीच्या मुळावर आला, कारण १९६० च्या दशकात मोठ्या कंपन्यांना हवे होते ऐसपैस, सलग मजले आणि इथे तर लिफ्ट, जिने वजा केले की उरतं काय! सिंगर कंपनी स्वतःच दुसरीकडे गेली, जागा विकली गेली आणि १९६४ मध्ये ती यूएस स्टील या पोलाद कंपनीकडे आली.

वाचवता आली नसती का? १९६३ मध्ये तिथलं पेन स्टेशन हे जुनं रेल्वे स्टेशन पाडायला घेतलं तेव्हा लोक खूप हळहळले, आणि १९६५ मध्ये जुन्या वास्तू वाचवायला कमिशन नेमलं गेलं. पण सिंगरला त्यांनी संरक्षण दिलंच नाही, ते दिलं असतं तर शहराला दुसरं गिऱ्हाईक शोधावं लागलं असतं नाहीतर स्वतः विकत घ्यावी लागली असती, तेवढी तयारी कोणाची नव्हती. १९६७ मध्ये पाडकाम सुरू झालं आणि १९६९ पर्यंत सगळं साफ. मालकाने आपणहून पाडलेली एवढी उंच इमारत तोवर जगात दुसरी नव्हती, आणि हा नकोसा विक्रम पुढे ५० वर्षं तिच्याच नावावर राहिला. आज ब्रॉडवे आणि लिबर्टी स्ट्रीटच्या कोपऱ्यावर वन लिबर्टी प्लाझा उभी आहे, काळी, चौकोनी, एकेक मजला सुमारे ३७,००० स्क्वेअर फुटांचा. कामाची आहे, पण माझं मन काही तिच्यात रमत नाही.

पुस्तिकेचं म्हणाल तर लॅमिनेट अजिबात करू नका, जुना कागद त्यात कायमचा अडकतो. सेलोटेपही नको. एकदा नीट स्कॅन करून घ्या, मग अ‍ॅसिड नसलेल्या कागदात गुंडाळून कोरड्या जागी आडवी ठेवा. आणि मशीनला अधूनमधून तेल देत जा, ती मशीनं अजून मस्त चालतात.