थंडीत कोंबड्यांची शेड प्लास्टिकने पूर्ण बंद करावी का?

भाऊ, पूर्ण बंद करू नका. तुम्ही लिहिलंय की धुळ्याजवळ शेतात गावरान कोंबड्या, चार-पाच शेळ्या आणि एक गाय आहे, रात्री पारा सात-आठ अंशांवर येतो, पिल्लं मरताहेत आणि बर्फाळ देशांतले व्हिडिओ पाहून चारही बाजूंनी प्लास्टिक ठोकायचा विचार आहे. मी शहाद्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी कोंबड्या नि शेळ्या पाळते, हिवाळा मलाही दरवर्षी काढावा लागतो. माझं ठाम मत आहे की मोठ्या जनावराला नुसती थंडी सहसा मारत नाही. मारते ती ओल आणि अंगावर येणारा वारा.

कोंबडीच्या अंगाचं तापमान 41 अंशांच्या आसपास असतं. पिसं फुगवून ती आत हवा अडकवते, तीच तिची गोधडी. पिसं कोरडी असली की मोठी कोंबडी आपल्याकडची थंडी सहज काढते. बर्फाच्या मुलखातसुद्धा जाणते लोक खुराड्याला वरच्या अंगाला झरोके ठेवतात, कारण कोंडलेल्या दमट हवेतच तुरे गारठून काळे पडतात. लांब कशाला, आपल्याच सातपुड्यातल्या तोरणमाळ-डाब भागात कडाक्याच्या थंडीत गवतावरचं दव गोठतं. तिकडच्या घरांत गुरं-कोंबड्या माणसांसोबतच निजतात. कूड शेणामातीने लिंपलेला असतो, पण कूड आणि छप्पर यांच्यामधून धुराला नि हवेला वाट असते.

तुमच्या शेडची परीक्षा पहाटे करा. आत जाऊन पत्र्याच्या खालच्या बाजूला हात लावा. थेंब लोंबत असतील तर हवा कोंडली आहे. मग खाली उकिडवं बसा, कोंबडीचं डोकं असतं तेवढ्या उंचीवर, आणि श्वास घ्या. उभं राहून काही कळत नाही, पण खाली डोळे चुरचुरले, नाकात झणका बसला, तर तो विष्ठेतला अमोनिया आहे. रात्रभर तोच त्यांच्या छातीत जातो आणि सर्दी, घरघर तिथून सुरू होते.

वारा आपल्याकडे हिवाळ्यात मुख्यतः उत्तरेकडून येतो. ती बाजू पऱ्हाट्या किंवा तुराट्यांचा कूड घालून, वरून गोणपाट लावून बंद करा. बाकी बाजूंना पडदा खालून वर चढवायचा लावा, म्हणजे खाली आडोसा आणि वर फूटभर जागा मोकळी. सकाळी ऊन आलं की पडदे खाली. जमिनीवर भाताचा तूस किंवा भुईमुगाची टरफलं तीन-चार इंच पसरा, दोन-तीन दिवसांनी खालीवर करा आणि ओला झालेला भाग काढून टाका. पाण्याच्या भांड्याभोवतीच जास्त ओल होते, तिथे रोज बघा.

पिल्लांचा मामला मात्र वेगळा आहे. त्यांना पिसं नसतात, म्हणून पहिल्या आठवड्यात 35 अंशांच्या जवळपास ऊब हवी, मग दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी. दर पिल्लामागे दोन वॅट धरून साधे पिवळे बल्ब टांगा. एलईडीने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली गठ्ठा झाला तर थंडी, चोची उघडून कडेला पळाली तर उष्मा, सगळी एकाच बाजूला सरकली तर दुसऱ्या बाजूने वारा येतोय. भोवती पुठ्ठ्याचं गोल रिंगण करा. कोपरा असला की रात्री वीज गेल्यावर तिथे ढीग होतो आणि खालची गुदमरून मरतात. तुमची मेलेली पिल्लं सकाळी कोपऱ्यात सापडत असतील तर कारण बहुधा हेच. वीज गेल्यावर कोळशाची शेगडी ठेवायची वेळ आली तर हवा खेळती हवीच. बंद खोलीत कोळशाच्या विषारी वायूने पिल्लंही मरतील आणि राखण करणारा माणूसही.

अंडी घटली म्हणून घाबरू नका. डिसेंबरात आपल्याकडे दिवस अकरा तासांहूनही थोडा लहान असतो, आणि अंड्यांसाठी चौदा तासांच्या वर उजेड लागतो. विक्री करत असाल तर पहाटे दिवा लावा. घरापुरत्या असतील तर मी म्हणेन, त्यांना विसावू द्या. संध्याकाळी दाणा थोडा वाढवा, मका किंवा ज्वारी, आणि सकाळी कोमट पाणी.

शेळ्या-गाईला रात्रीच्या तोंडाला कडबा भरपूर द्या. सुका चारा पोटात आंबताना ऊब तयार होते, हिरव्या चाऱ्याने तेवढी होत नाही. खाली कोरडं असावं. गाईवर गोणपाटाची झूल घातली तर सकाळी दवाने ओली झाल्यावर लगेच काढा. करडू जन्मलं की आधी पुसून कोरडं करा, नाळेला टिंक्चर आयोडीन लावा आणि तासाभरात चीक पाजा. दोन किलोच्या करडाला पहिल्या दिवसभरात दोनशे मिली तरी गेला पाहिजे. थंडीतली बरीच करडं उपाशी राहिल्याने गारठतात.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगते. मोठ्या कोंबड्या एकाएकी पटापट मरू लागल्या तर थंडीवर ढकलू नका. मानमोडी म्हणजे राणीखेत रोग असू शकतो, बर्ड फ्लूही असू शकतो. 2006 च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरातच सापडला, आणि 2021 च्या फेब्रुवारीत पुन्हा तिथेच आला. मेलेली कोंबडी नाल्यात फेकू नका, उघड्या हाताने सोलू नका. जनावरांच्या दवाखान्यात कळवा किंवा 1962 या जनावरांच्या मदत क्रमांकावर फोन करा. तोवर बाकीच्या मोकळ्या सोडू नका, आणि शेडमधली चप्पल घरात आणू नका.